ज्यूक जॉइंट बघायचाय, मिसिसिपीत कोणी गेलंय का?

रास्तापेठी: नमस्कार मंडळी, मी चार वर्षं गिटार शिकतोय आणि वर्षभरापासून ब्लूजने, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या त्या गाण्याने, अक्षरशः झपाटलंय. जूनमध्ये ऑफिसच्या कामाने तीन आठवडे मेम्फिसला चाललोय. तिथला ब्लूजचा प्रसिद्ध रस्ता बील स्ट्रीट आहेच, पण मला शेजारच्या मिसिसिपीत गावातली माणसं बसतात तसला खरा ज्यूक जॉइंट, म्हणजे खाण्यापिण्याचा आणि गाण्याचा अड्डा, बघायचाय. मी पीत नाही, शाकाहारी आहे, नुसतं जाऊन बसलं तर चालतं का?

मेधा_सहकारनगर: मिसिसिपीतल्या बेंटोनिया गावाला जा, दुसरा विचारच करू नकोस. ब्लू फ्रंट कॅफे. मेम्फिसहून गाडीने तीनेक तास लागतात. 1948 मध्ये कॅरी आणि मेरी होम्स या शेतकरी नवराबायकोने काढलेला, तळलेले मासे, घरची दारू आणि गाणं, आणि 1970 पासून त्यांचा मुलगा जिमी 'डक' होम्स चालवतोय. आम्ही 2022 ला गेलो तेव्हा भर दुपार होती, समोर रेल्वेचे रूळ, आत चारपाच माणसं, आणि हे आजोबा साध्या खुर्चीत बसून गिटार लावत होते. ज्या माणसाच्या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालंय तो आपल्याला विचारतो कुठून आलात! कोल्ड्रिंक घे, बस, काही अडचण नाही. फक्त मोबाईल सतत तोंडासमोर धरू नकोस. 1972 पासून जूनमध्येच तिथे फेस्टिव्हल पण असतो, तारखा बघून घे.

षड्ज_पंचम: जायच्या आधी तिथलं ट्यूनिंग लावून बघ. जुना ब्लूजवाला स्किप जेम्स याच गावचा, त्याचं ट्यूनिंग डी मायनर: डी-ए-डी-एफ-ए-डी. सहावी, तिसरी, दुसरी आणि पहिली तार उतरवायची, बाकीच्या दोन तशाच. होम्स ई मायनर लावतात, पण त्यात पाचवी आणि चौथी चढवावी लागते, जुन्या तारा असतील तर तुटतील. मोकळ्या तारा मागे तंबोऱ्यासारख्या घुमत राहतात आणि अंगठा खर्ज धरून ठेवतो, कॉर्ड फारशा बदलतच नाहीत, आपल्या कानाला ते लगेच लागतं. आणि हे सगळं नोटेशनवर आलेलं नाही बरं का. इथल्याच हेन्री स्टकी या जुन्या गिटारवाल्याची तर एकही रेकॉर्ड मिळत नाही, पण त्याच्याकडून स्किप जेम्स शिकला, होम्सही शिकले, ते नंतर गावातल्याच जॅक ओवेन्स या दुसऱ्या गिटारवाल्याकडेही बसले. आपली गुरुशिष्य परंपराच झाली की.

डुल्या_मारुतीजवळ: लवकर जा एवढंच सांगतो. मिसिसिपीतच मेरिगोल्डला पो मंकीज नावाचा असाच प्रसिद्ध अड्डा होता, मालक विली सीबेरी 2016 मध्ये गेले आणि तो बंदच पडला, नंतर आतल्या वस्तूंचा लिलाव झाला. मी पुण्यात आर्यभूषण थिएटरला संगीतबारी ऐकत मोठा झालोय म्हणून हे फार लागतं. पेटी-ढोलकी दुसरीकडेही वाजते हो, पण समोर बसून फर्माईश करणारा जाणकार आणि ती जागा, हे सुटलं की गाणारीचा आवाजसुद्धा बदलतो.

रास्तापेठी: मेधाताई, एक शनिवार बेंटोनियाला ठेवला, फेस्टिव्हल त्याच दिवशी जमला तर सोन्याहून पिवळं. दादा, परत आलो की आर्यभूषणला तुमच्यासोबत यायचंय, न्याल ना? आत्ता डी मायनर लावलंय, नुसती मोकळी छेडली तर आई आतून म्हणाली, हे काय रे, इतकं उदास काय वाजवतोयस... आणि येऊन शेजारीच बसली.