अनुभव धागा: ‘मधु मागशि माझ्या सख्या परी’ तुम्हाला कधी भिडली?

भा. रा. तांब्यांची ही कविता आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावर आधी गाणं म्हणूनच पडते. वसंत प्रभूंची चाल आणि लताबाईंचा आवाज इतका अंगवळणी पडलेला असतो की शब्दांकडे निराळं लक्ष जात नाही. मग कधीतरी, बहुधा काहीतरी हातचं निसटल्यावर, त्यातली एखादी ओळ मनात येते आणि जाता जात नाही.

तांबे १८७३ साली जन्मले आणि १९४१ साली गेले. ते ग्वाल्हेरचे राजकवी. प्रीतीची, गाता येतील अशी गीतं ज्यांनी हात न आखडता लिहिली, त्यांनीच ‘मधुघटचि रिकामे पडति घरीं’ म्हणावं, हे मला फार लागतं.

परीक्षेतलं रसग्रहण नको. कुठली ओळ, आयुष्यात कुठल्या वेळी, कशामुळे आपली झाली, तेवढं लिहा. ज्यांना ही कविता अजून परकी वाटते त्यांनीही जरूर लिहा.

•

मी शाळेत मराठी शिकवायचे. ही कविता घेताना मुलांना आधी एवढंच सांगायचे की यात कुठकुठल्या वस्तू आल्यात त्यांची यादी करा. पहिल्या कडव्यात कमळाचा द्रोण, मधानं भरलेला. दुसऱ्या कडव्यात वाटी, तीही एकच, आणि तिच्यात मध नाही, नैवेद्याचं दूध. कमळ जाऊन अंगणातली कोरांटी आलेली. कोरांटी म्हणजे काटेरी झुडूप. फुलाला वास नाही, पण देवाला चालतं. तेही ‘कशी तरी’ जगवलेलं. ‘मी थकलो’ हे वाक्य या दोन कडव्यांत कुठेही नाही. वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या की मधली वर्षं आपोआप दिसतात.

एकदा एका मुलीनं विचारलं, “बाई, मध नसेल तर नसू दे, पण मित्राला ते दूध तरी द्यायचं!” वर्गात यावर तास संपेपर्यंत वाद झाला. मला तिचा प्रश्न कायम आवडत आला आहे. यजमान गेल्यानंतर माझ्याकडे दिवसाकाठी जेमतेम एका कामापुरती उभारी उरते आणि ती कशासाठी राखायची हे माझं ठरलेलं आहे. लोक प्रेमानं बोलावतात, मी नाही म्हणते. ती दुधाची वाटी आता मला त्या मुलीला जास्त नीट समजावून सांगता येईल.

•

मी गायचे. आजारपणानंतर वरचा षड्ज लागेनासा झाला. जुने श्रोते भेटले की म्हणतात, “ते पूर्वीचं एकदा म्हणा ना.” त्यांचा लोभ खरा असतो, म्हणून नाही म्हणणं जास्त जड जातं. ‘मधु पिळण्या परि रे बळ न करी’ ही ओळ मी त्यांना म्हणून दाखवत नाही. मनात म्हणते. या कवितेत नकार आहे, पण मागणाऱ्याला एकही उणा शब्द नाही. ‘सख्या’ म्हणूनच सगळं सांगितलंय.

•

आईला स्मृतिभ्रंश आहे. सकाळी ती बरी असते. उन्हं कलली की तिची घालमेल सुरू होते. दाराशी जाते, कडी चाचपते, “घरी जायचंय” म्हणते. घरातच असते. डॉक्टरांनी सांगितलं की या आजारात तिन्हीसांजेला अस्वस्थता वाढणं पुष्कळांच्या बाबतीत होतं, दिवे लवकर लावा, वाद घालू नका. ‘संध्याछाया भिवविति हृदया’ ही ओळ मी लहानपणापासून ऐकत आलोय. तांब्यांच्या मनात हा आजार असणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी दाराच्या कडीवरचा तिचा हात पाहताना मला दुसरे शब्द सुचत नाहीत.

एक मात्र सांगतो. आईला माझं नाव सापडत नाही, पण हे गाणं लावलं की ती कडव्याच्या शेवटी बरोबर ‘घरीं’वर येते. ओठ आधी हलतात, मग आवाज येतो. नावं, नाती, वर्षं गेल्यावरही सूर पुष्कळदा मागे राहतो, हे बऱ्याच रुग्णांमध्ये दिसतं म्हणे. आमच्या घरी तो राहिलाय आणि त्याबद्दल मी फार कृतज्ञ आहे. काय आठवतंय असं विचारण्यापेक्षा आम्ही दोघं गातो.

•

वरच्या अनुभवावरून एक गोष्ट लिहावीशी वाटली. आईंना ‘घरीं’ सापडतं यामागे कवीची कारागिरीही आहे. मात्रा मोजून पाहा. ‘ढळला रे ढळला दिन सखया’ सोळा, ‘संध्याछाया भिवविति हृदया’ सोळा, ‘लागले नेत्र रे पैलतिरी’ हीही सोळा. प्रत्येक कडव्यात पहिल्या तीन ओळी आपापसांत यमक जुळवतात: सखया, हृदया, कासया. चौथी ओळ मात्र ध्रुपदाकडे वळते. तरी, करी, पैलतिरी हे सगळं ‘परी’ आणि ‘घरीं’शी जुळतं. म्हणजे मन जुन्या दिवसांत कितीही लांब गेलं तरी चौथ्या ओळीला त्याला रिकाम्या घटांपाशी यावंच लागतं. वडील गेले त्या वर्षी माझं अगदी असं व्हायचं. कामात, गप्पांत रमायचो आणि काही वेळानं मन ठरलेल्या जागी येऊन उभं राहायचं. या कवितेतलं दुःख मला अर्थाच्या आधी यमकातून कळलं.

•

मी इथल्या सगळ्यांपेक्षा बरीच लहान असेन. मला ही कविता सख्याच्या बाजूनं ऐकू येते. त्याला एकही ओळ मिळालेली नाही. तरुण-तरुणींची कुजबुज, झाडाझऱ्यांचं गुज, संसाराचं मर्म, हे सगळं त्याला हवंय, आणि ते हवं असण्यात गैर काय? आजोबा गोष्टी सांगायचे, मग हळूहळू थांबले. मी शेजारी बसून राहायचे, ते हातात हात घ्यायचे, पण गोष्ट नाही. तेव्हा मला राग यायचा आणि आजही त्या न सांगितलेल्या गोष्टींची हळहळ वाटते. कवितेनं ती कमी होत नाही. फक्त समोरच्याला आपली मागणी ऐकू येत होती आणि ती पुरी न करता आल्याचं त्यालाही लागत होतं, एवढं मला यातून मिळालं. ‘दया करी’ असं मोठ्या माणसानं लहानाला म्हणावं, हे वाचून मी रडले होते.

•

सर्वांचं वाचलं. शेवटच्या कडव्याला सगळे निराशेचं समजतात, तिथे माझं मत वेगळं आहे. तांब्यांचीच ‘जन पळभर म्हणतिल हाय हाय’ शेजारी ठेवा. तिथे कवी विचारतो, मी गेल्यावर सूर्य-चंद्राचं काय अडणार आहे? सोयरे डोळे पुसतील आणि कामाला लागतील. तिथला माणूस हिशेब मिटवून मोकळा झालाय. ‘मधु मागशि’तला माणूस अजून तिथवर पोचलेला नाही. डोळे पैलतीराला लागलेत, पण सावल्यांची भीती वाटते हे तो लपवत नाही, आणि हे सगळं तो मित्राशी बोलतोय. बायको गेल्यावर लोकांनी मला पहिल्या प्रकारची शहाणपणाची वाक्यं खूप ऐकवली. मला जवळची वाटली ती ही दुसरी कविता, कारण हिच्यात भिण्याची मुभा आहे. त्या दोन कवितांपैकी तुमची कुठली, हेही पुढच्यांनी लिहावं.