वर्षाचा मेडिकल कॅम्प बंद करा, ते पैसे सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवणं) आणि एईडीवर (हृदयाला शॉक देणारं यंत्र) घाला: पटतंय का?

मोल्डिंगशॉप
बेळगावचे कारखाने घ्या, उद्यमबाग, मच्छे, होनगा, कुठेही बघा: वर्षातून एकदा कॅम्प, वजन, बीपी, शुगर, एक ईसीजी, आणि फाईल कपाटात. पडून असताना काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे पुढच्या महिन्यात अटॅक येणार नाही असं थोडंच आहे? रक्तवाहिनीतला चरबीचा थर अचानक फुटतो आणि त्यावर गुठळी धरते. कैकदा तिथे आधी निम्माही अडथळा नसतो, मग तो टीएमटीत (पट्ट्यावर चालवून काढलेल्या ईसीजीत) तरी कसा दिसणार?

हृदय बंद पडलं की सीपीआरविना जाणाऱ्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. 108 येईपर्यंत हात लावणारी माणसं शॉपमध्येच हवीत, शिफ्टमागे निदान चार. हाकेला ओ नाही, श्वास नाही, की लगेच छातीच्या मधोमध दाब सुरू. मिनिटाला 100 ते 120, खोली 5 ते 6 सेंमी, दर 2 मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दमलेल्याचा दाब उथळ होतो आणि त्याला ते कळतही नाही. मधूनच घशातून आचके येतात, त्याला श्वास समजून थांबू नका. शेजारच्या चार-पाच युनिटांनी मिळून एक एईडी घ्यावा.

दवाखाना_सिस्टर
साफ चूक. अटॅक आलेला माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, बोलतो, स्वतः चालत कॅन्टीनला जाऊन 'पित्त झालंय' म्हणत सोडा पितो. त्याला एईडी काय करणार? वेळ जातो तो इथे. छातीत दाब, जबडा किंवा डावा हात भरून येणं, थंड घाम. बायकांत आणि शुगरवाल्यांत कधी नुसता दम किंवा मळमळ. अशा माणसाला बसवा, चालवू नका, दुचाकीवर तर नकोच. ॲलर्जी, रक्तस्राव किंवा लकव्याची शंका नसेल तर 108 च्या किंवा डॉक्टरच्या सांगण्यावरून 300 मिग्रॅ ॲस्पिरिन चावून खायला द्या. खिशातली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) जिभेखाली सरकवणारे शहाणे खूप आहेत. बीपी आधीच खाली असेल किंवा त्या दिवशी व्हायग्राची गोळी झाली असेल तर माणूस तिथेच कोसळतो.

दवाखान्यात पोचल्यावर 10 मिनिटांत ईसीजी. पहिला साफ आला तरी त्रास चालू असेल तर 15-30 मिनिटांनी पुन्हा. अँजिओप्लास्टी दोन तासांत होणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. खानापूर, निपाणीकडच्यांनी कर्नाटक सरकारच्या पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजनेत आपलं तालुका रुग्णालय आहे का ते आत्ताच विचारून ठेवा, तिथे हे इंजेक्शन फुकट मिळतं. आणि कॅम्प बंद कशाला? बीपी सापडतं ते तिथेच. चुकतं ते पुढे: 160/100 लिहिलं जातं आणि गोळी सुरू झाली का हे कोणी विचारत नाही.

लेथ_मालक
सिस्टर, मोल्डिंगशॉप, दोघांनाही एकच विचारतो, वीस माणसांच्या शॉपला हे जमायचं कसं? 2025 पर्यंतचा जुना कारखाना कायदासुद्धा दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटीच मागायचा. एईडी आणला तरी छातीवर चिकटवायच्या पॅडला मुदत असते, बॅटरीलाही, आणि तो साहेबांच्या कुलूपबंद केबिनमध्ये राहणार. अंगावर कूलंट, घाम, केस. छाती पुसल्याशिवाय पॅड चिकटत नाही. त्यापेक्षा फोनजवळ कन्नडात पत्ता लिहून लावा बघा की! घाबरलेल्या पोराला 108 वर प्लॉट नंबर आणि खूण धड सांगता येत नाही. शिनोळीवाल्यांनी तर आधी राज्य आणि तालुका सांगावा, कारण कारखाना महाराष्ट्रात आणि जवळचं मोठं हॉस्पिटल बेळगावात.

शिफ्ट_बी
मूळ गोष्ट कोणीच बोलेना. जागतिक आरोग्य संघटना आणि आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) 2021 च्या अभ्यासात आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत, 35-40 तासवाल्यांपेक्षा, हृदयविकाराने मरण्याचा धोका 17 टक्के आणि पक्षाघाताचा 35 टक्के जास्त दिसला. इकडे कर्नाटकाने 2023 मध्ये दिवसाला 12 तासांची वाट मोकळी केली आणि तिमाहीचा ओव्हरटाइम 75 वरून 144 तासांवर नेला. रात्रपाळी संपवून तोच माणूस डबल ड्यूटी मारतो आणि तुम्ही एईडी कुठे टांगायचा यावर भांडताय.

दवाखाना_सिस्टर
तास कमी व्हायलाच हवेत, वाद नाही. पण 'टेन्शनमुळे झालं' हा शेरा शॉपमध्ये मारू नका. पॅनिकमध्येही छाती आवळते, धडधडतं, हाताला मुंग्या येतात. फरक ईसीजी आणि ट्रोपोनिननेच (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) कळतो. क्युपोलाजवळ (लोखंड वितळवायची भट्टी) डोकं दुखून छाती भरली तर कार्बन मोनॉक्साइडही धरा. आधी स्वतः सांभाळून माणसाला मोकळ्या हवेत काढा. बोटावरचा ऑक्सिमीटर तिथे 98 दाखवून फसवतो, त्याला तो वायू ओळखता येत नाही.

मोल्डिंगशॉप
कॅम्प राहू दे, पण त्यातला सरसकट ईसीजी काढा आणि वाचलेल्या पैशात दर तिमाहीला बीपीवाल्यांची फेरतपासणी करा. एईडीवर मात्र मी ठाम आहे. तो गेटवरच्या सिक्युरिटीकडे, कुलूप न लावता, पेटीत रेझर आणि फडकं ठेवून. रात्रपाळीला साहेब नसतात, वॉचमन असतो.

लेथ_मालक
आणि पॅडची मुदत कोण बघणार? वॉचमन?