उत्तर: वेशीजवळचा 'नवरा-नवरीचा दगड'

तुमच्या वेशीजवळच्या कोरीव दगडाला गावात 'नवरा-नवरीचा दगड' म्हणतात; तो खरंच वीज पडून दगड झालेल्या वरातीचा आहे का, हा तुमचा प्रश्न. वीज पडून वरात जागीच दगड झाली, ही आख्यायिका बऱ्याच गावांत सांगतात. पण तुम्ही दिलेलं वर्णन (माथ्यावर सूर्य-चंद्र, खाली आडवा माणूस, शेजारी गायी) सरळसरळ वीरगळाचं, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेचं आहे.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत मरण असतं. तिथे गायी असतील तर वीर गोधन राखताना पडला. त्यावर लढाई, मग त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. तुमची 'नवरी' बहुधा अप्सराच! सूर्य-चंद्र म्हणजे ते असेतोवर कीर्ती टिकेल. बोरिवलीच्या एक्सरमधल्या वीरगळांवर तर वल्ह्यांच्या नौकांची लढाई कोरली आहे.

शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या स्त्रीचं स्मारक. गाढव आणि स्त्री कोरलेली गद्धेगाळ मात्र वेगळी: दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी आहे, दुर्घटनेची खूण नव्हे.

खरी अडचण अशा दगडाभोवती बांधल्या जाणाऱ्या ओट्याची. दगड सिमेंटात बसवला की तळाची चौकट गाडली जाते, म्हणजे मरणाचं कारणच गायब. शेंदूर-ऑइलपेंटने उरलेलं बुजतं. तारेचा ब्रश, ॲसिड किंवा खडू अजिबात नको. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा. अंधार पडल्यावर बॅटरी दगडाच्या कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून फोटो काढा, झिजलेल्या रेषाही उठून दिसतात. समोरून फ्लॅश मारला तर सगळं सपाट येतं. फोटोत मोजपट्टी ठेवा. बहुतेक वीरगळांवर लेख नसतो, त्यामुळे दगडाजवळच्या माहितीफलकावर वीराचं नाव आणि साल ठोकून द्यायची घाई करू नका.