क्लिंगॉन क्रियापदाला दोन प्रत्यय लागल्यास आघात कुठे द्यावा? (मदत हवी आहे)

नमस्कार,

‘स्टार ट्रेक’साठी मार्क ओकरँड यांनी घडवलेली क्लिंगॉन भाषा मी शिकत आहे आणि तिच्या आघाताच्या (शब्दातल्या कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा याच्या) एका नियमापाशी अडलो आहे. पुढील लिप्यंतर अंदाजे आहे. घसा क्षणभर बंद करून काढायच्या व्यंजनासाठी (’) हे चिन्ह वापरले आहे.

अक्षरांच्या फोडीबद्दल शंका नाही. प्रत्येक अक्षराच्या आरंभी एक व्यंजन लागते आणि एकच चालते, म्हणून “क़ाप्ला’” (यश) हा शब्द क़ाप्-ला’ असा फुटतो, क़ा-प्ला’ असा नाही. आपल्या वृत्तांतही जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू होत असल्याने मराठी कानाला हे सहज पटावे. “त्लिङान्” मधला त्ल मात्र दिसायला जोडाक्षर असला तरी तिथे एकच व्यंजन आहे, आणि ङ पुढच्या अक्षरात जातो: त्लि-ङान्.

खरी अडचण क्रियापदांची आहे. ओकरँड यांच्या १९८५ च्या शब्दकोशानुसार आघात सहसा धातूवर येतो. परंतु (’) ने संपणारा प्रत्यय आणि धातू यांच्यामध्ये दुसरा एखादा प्रत्यय असेल, तर धातू आणि (’) ने संपणारा तो प्रत्यय या दोहोंवर येतो. म्हणजे “जियाज्बे’” (मला समजत नाही) मध्ये केवळ याज् या धातूवर, पण “जियाज्लाख़्बे’” (मला समजू शकत नाही) मध्ये याज् आणि बे’ दोहोंवर. विपरीत अर्थाचा ख़ा’ हा प्रत्यय नेहमी धातूला लागूनच येत असल्यामुळे या नियमाने त्याच्यावर आघात कधीच येणार नाही, ही गंमतही लक्षात घेण्याजोगी आहे.

आता “लेग़्लू’पू’” (पाहिले गेले आहे) घ्या. नियम काटेकोरपणे लावल्यास लेग़् आणि पू’ वर आघात येतो व मधला लू’ तसाच राहतो. नामांच्या बाबतीत मात्र (’) ने संपणारी दोन अक्षरे लागोपाठ आल्यास दोन्हींवर सारखाच आघात द्यावा, असे तोच कोश सांगतो. उदाहरणार्थ “पूक़्पू’” (मुले) ला ’ए’ हा प्रत्यय जोडल्यावर पू’ आणि ’ए’ दोन्ही ठळक होतात. क्रियापदांच्या नियमात अशी तरतूद नाही. ती केवळ नामांपुरती समजावी, की लू’ वरही आघात द्यावा? मला पहिला अर्थ अधिक सरळ वाटतो, पण उच्चारताना लू’ दाबून ठेवणे फारच कृत्रिम होते.

ज्यांनी ओकरँड यांच्या ध्वनिफिती ऐकल्या आहेत किंवा जे ही भाषा प्रत्यक्ष बोलतात, त्यांनी असे शब्द कसे उच्चारले जातात ते कृपया उदाहरणासह सांगावे.