पहिली २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत संपवायची लांब सायकल राइड), ४० हजारात नवी सायकल घेऊ का?

घाटवाट: नमस्कार मंडळी. वय ४६, पुण्यात राहतो. रविवारी ६०-७० किमी होतात, एकदा लोणावळा जाऊन येऊन १३० केलंय. डिसेंबरात २०० ची बीआरएम करायचीये, जमलं तर याच सीझनला ३००, ४००, ६०० करून एसआर (सुपर रँडोनर, चारही अंतरं एका सीझनला केल्यावर मिळणारा किताब). सरळ हँडलची हायब्रिड सायकल आहे, ६ वर्षं जुनी, पुढे पेडलपाशी तीन चेनरिंग (दातेरी चकत्या), टायर ४० मिमी रुंदीचे. बजेट सगळं धरून ४० हजार, वर एक रुपया नाही, मुलीची फी भरायचीये. वाकड्या हँडलची, बारीक टायरची रोडबाईक घेऊ का?

कार्बनप्रेमी: ४० मध्ये नका घेऊ, पस्तावाल. जरा थांबून दीडेक लाख जमवा आणि कार्बन फ्रेमचीच घ्या. मी घेतली, खंबाटकी घाट आता सीटवरून न उठता चढतो.

नाशिककर: अहो त्यांनी ४० सांगितलेत. आमच्या महाजन बंधूंनी २०१५ ला रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) केली, दोघांची टीम, अमेरिका आडवी पार, ४८०० किमीच्या आसपास. दोघंही डॉक्टर, दवाखाना सांभाळून सराव. पाय तयार करा आधी.

कार्बनप्रेमी: ते पण रोडबाईकवरच गेले होते ना.

सातारी_पेडल: सेकंडहँड रोडबाईक बघा, २५ पर्यंत मिळते. आणि पंक्चर शिका!! माझी पहिली २०० त्यातच गेली. हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रक टायरच्या बारीक तारा पडलेल्या असतात, केसाएवढ्या. मी ट्यूब बदलली, ४ किमीवर परत फुस्स, परत बदलली, परत तेच. तार टायरमध्येच होती, मी आतून बोट फिरवलंच नव्हतं. १४२ किमीला टेम्पोत सायकल टाकून घरी. आता नेलकटर असतो बॅगेत, तार उपटायला.

मीनल_रायडर: दादा, २०० ला १३ तास ३० मिनिटं असतात. म्हणजे थांबणं धरून ताशी १५ सुद्धा लागत नाही, आणि ही रेस नाही, नंबर कुणी देत नाही. हायब्रिडवर आरामात होते, मी स्वतः केलीये. ३२ चे गुळगुळीत टायर टाका. वेळ जातो तो हॉटेलात, मिसळ मागवून बसलात की पाऊण तास गेला. चिक्की, केळी खिशात, दर अर्ध्या तासाला खायचं, भूक लागायची वाट बघायची नाही. पॅडेड शॉर्टच्या आत काही घालायचं नाही. जेलचं सीट कव्हर मात्र काढून फेका.

नाशिककर: जेल कव्हर फेकाच, १०० नंतर मांड्या सोलतात.

कार्बनप्रेमी: +१ कव्हर. पण क्लीट्स घ्या, बूट पेडलला अडकवायच्या.

सातारी_पेडल: पहिल्या बीआरएमला क्लीट्स नकोत, सिग्नलला पडतील. लाईट पुढचा-मागचा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आधी घ्या, त्याशिवाय सुरूच करू देत नाहीत.

घाटवाट: सगळ्यांचे मनापासून आभार. नवी नाही, सेकंडहँडही नाही. हायब्रिडच ओव्हरहॉल केली, ३२ चे टायर, दोन लाईट, चार ट्यूब, ११ हजारात झालं. जेल कव्हर ठेवतोय, लोणावळ्याला त्रास झाला नव्हता. काल रात्री गॅलरीत मागचं चाक सात वेळा काढून बसवलं, शेवटच्या वेळी ९ मिनिटं लागली. येत्या रविवारी खंबाटकी, पहाटे ५ ला जुन्या कात्रज बोगद्यापाशी. कुणी येतंय?

सातारी_पेडल: मी साताऱ्याहून निघतो, खंबाटकीजवळच्या खंडाळ्याला भेटू. नेलकटर आणा.