किल्ल्यात बसून विश्वशांती? (त्या नालंदावाल्या पोस्टला उत्तर)

खडूस_मास्तर:
काल कुणीतरी मुळशीजवळच्या यूडब्ल्यूसी (युनायटेड वर्ल्ड कॉलेज, देशोदेशीची पोरं एकत्र शिकतात त्या कॉलेजांची साखळी) महिंद्रा कॉलेजचे डोंगरावरचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं की नालंदेनंतर जगाला एकत्र आणणारं शिक्षण हेच. लोकांनी हात जोडले, बदाम टाकले. आता नालंदा मधेच कुठून काढली हो? या कॉलेजांची मूळ गादी 1962 साली वेल्समध्ये निघाली, सेंट डोनट्सच्या किल्ल्यात, जो त्याआधी हर्स्ट नावाच्या अमेरिकन पेपरवाल्या शेठजींकडे होता. पहिला हेडमास्तर आरमारातला ॲडमिरल. सुरुवातीची काही वर्षं फक्त मुलगे. आणि ही कल्पना काढणाऱ्या कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या मनात घट्ट कुठे बसली, तर नाटोच्या लष्करी कॉलेजात. म्हणजे किल्ला, ॲडमिरल, नाटो, आणि बोर्डावर काय तर शांतता. मुळशीचं 1997चं, तिथली फी लाखांत. मी 32 वर्षं झेडपीच्या शाळेत काढली, माझ्या वर्गात वडाराचं, धनगराचं, पाटलाचं आणि मुलाण्याचं पोरगं एका पंगतीत खिचडी खायचं, आमचे फोटो काढायला कुणी आलं नाही.

कावेरीकाठ:
मास्तर, इतिहास सांगायचाच तर अर्धा नका सांगू. हान ज्यू होता. 1932 साली जर्मनीतल्या पोटेम्पा गावात नाझींनी एकाला त्याच्या आईदेखत मारलं आणि हिटलरने खुन्यांची बाजू घेतली, तेव्हा यानं आपल्या सालेमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना लिहून कळवलं की एकतर हिटलर नाहीतर सालेम, दोन्ही जमणार नाही. पुढच्या वर्षी अटक झाली, इंग्लंडच्या पंतप्रधानांनी शब्द टाकला म्हणून सुटला, देश सोडला. नाटोत त्याला काय दिसलं तर दहा वर्षांपूर्वी एकमेकांच्या शहरांवर बॉम्ब टाकणारे अधिकारी एका टेबलावर बसलेत. म्हणून म्हणाला की हे चाळिशीत जमतं तर सोळाव्या वर्षी का नाही. आणि तो ॲडमिरल, होअर, त्याने पोरांना हाताशी धरून कडक तळाची रबरी बोट बनवली, आज जगभर किनाऱ्यावर बचावाला असते ती, आणि तिचं पेटंट नाममात्र एका पौंडाला देऊन टाकलं. पोरं स्वतः समुद्रात जाऊन बुडणाऱ्यांना काढायची. हे नुसतं बोर्डावरचं नाही.

आगाऊ_कार्टं:
बोट बिट सगळं मस्त. पण या संस्थेचा अध्यक्ष कोण होता ते सांगा की ताई. लॉर्ड माउंटबॅटन. 🙂

कावेरीकाठ:
तो नंतर आला, साठच्या दशकाच्या शेवटी. स्थापनेत नव्हता.

आगाऊ_कार्टं:
नंतर आला म्हणजे माफ का? ब्रिटिश पंतप्रधान ॲटलीने सत्ता सोडायला जून 1948 पर्यंत मुदत दिली होती, या गृहस्थाने ती 15 ऑगस्ट 1947 वर आणली. ज्या रॅडक्लिफने भारत कधी पाहिला नव्हता त्या इंग्रज वकिलाला पाचेक आठवड्यांत फाळणीची रेघ मारायला लावली, आणि ती रेघ जाहीर कधी केली तर 17 ऑगस्टला. लोकांना झेंडावंदन झाल्यावर कळलं आपण कुठल्या देशात आहोत. असा माणूस जागतिक सलोख्याच्या संस्थेचा अध्यक्ष, वा.

नर्मदेतला_गोटा:
फाळणी काय एकट्या माउंटबॅटनने केली काय? नेहरू, जिना, पटेल सगळ्यांनी 3 जूनचा प्लॅन मान्य केला होता. व्हॉट्सॲपवरचा इतिहास इथे नको.

आगाऊ_कार्टं:
मान्य करणं वेगळं आणि घाई करणं वेगळं. तारखेबद्दल बोलतोय मी, वाचता येत नसेल तर मास्तरांच्या झेडपीत नाव घाला.

खडूस_मास्तर:
माझ्या झेडपीला मधे ओढू नकोस.

पौडरोडचा_पिंट्या:
शांतता राहू द्या, आमच्या मुळशीत डोंगर म्हटला की प्लॉट पडतो. रविवारी सेकंड होमवाल्यांच्या गाड्यांमुळे आम्हाला घरचं दूध घालायला पुण्यात जाता येत नाही. 1921 साली इथेच धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तो त्या नालंदा पोस्टमध्ये एका ओळीत तरी आला का? मुळशी म्हणजे काय नुसता व्ह्यू?

कॅम्प_नं_पाच:
माउंटबॅटनचा विषय निघालाच आहे तर. माझे आजोबा कराचीहून बोटीने मुंबईला आले, तिथून कल्याणच्या मिल्ट्री बराकीत, आता त्याला उल्हासनगर म्हणतात. एका बराकीत मधे गोणपाट लावून चार कुटुंबं. आजी शेवटपर्यंत कुलपाची किल्ली जपून होती, ज्या घराची होती ते घर दुसऱ्याचं झालेलं. नर्मदेतला_गोटा, तुम्हाला प्लॅन कुणी मान्य केला त्याचं पडलंय, आमच्याकडे कुणी विचारायला आलं नव्हतं. त्यामुळे अशा लोकांनी चालवलेली शांतता मला नको, फुकट दिली तरी नको.

नर्मदेतला_गोटा:
दादा, तुमच्या आजोबांबद्दल नव्हतो बोलत. पण तारीख लांबवली असती तर कमी मेले असते हेही कुणी छातीठोक सांगू शकत नाही. थांबतो.

कावेरीकाठ:
हे लिहायचं नव्हतं पण लिहिते. मी यातल्याच एका परदेशातल्या कॉलेजात होते, 1999 साली. खोलीत माझ्याबरोबर कराचीची मुलगी. मे अखेर कारगिल पेटलं. माझा मामेभाऊ फौजेत, तिचा काका त्यांच्या फौजेत. चार दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही, एका खोलीत, दोन पलंगांच्या मधे हातभर जागा. कॉरिडॉरमधल्या फोनला रांग असायची, पाचव्या दिवशी तिच्या कार्डातले पैसे संपले आणि मी माझं दिलं. तेवढंच. गळ्यात गळे वगैरे काही नाही, काश्मीरवरून आजही भांडतो. पण बातम्यांत "पाकिस्तानी" ऐकलं की मला ओठ दातांत धरून रिसीव्हरला चिकटलेली ती दिसते, टँक नाही दिसत. स्वाझीलँडमध्ये 1963 साली, शेजारी दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद जोरात असताना, काळ्यागोऱ्या पोरांची वॉटरफर्ड शाळा काढली, मंडेलांच्या मुली तिथे शिकल्या, ती पुढे याच चळवळीत आली. तिला पण किल्लेवाली म्हणणार?

खडूस_मास्तर:
वॉटरफर्डबद्दल काही म्हणणं नाही. हानबद्दलही, बरं, माझं थोडं जास्त झालं. पण ताई, तुम्ही तिथे पोचलात कशा ते पण सांगा. वडील काय करायचे?

कावेरीकाठ:
प्राध्यापक. घरात इंग्रजी पेपर यायचा. मला पूर्ण स्कॉलरशिप होती, पण मुलाखत इंग्रजीत होती आणि तुमच्या वर्गातल्या पोराला ती जमली नसती, हेच ऐकायचं होतं ना? घ्या.

खडूस_मास्तर:
हेच. फी माफ होते, इंग्रजी माफ होत नाही.

आगाऊ_कार्टं:
आणि अजून एक, हानच्याच स्कॉटलंडमधल्या गॉर्डनस्टन शाळेत इंग्लंडच्या राजघराण्यातल्या चार्ल्सचा जीव नकोसा झाला होता, आणि माउंटबॅटननंतर या संस्थेचा अध्यक्ष कोण? तोच चार्ल्स. यांना घरच्याबाहेरचं कुणी सापडतच नाही.

कावेरीकाठ:
त्याच्यानंतर मंडेला आले, ते सोयीस्कर विसरलास.

कॅम्प_नं_पाच:
ताई, ती मैत्रीण कराचीत कुठली? आजोबांचं घर सोल्जर बाजारला होतं.

कावेरीकाठ:
ती क्लिफ्टनची. पण तिची आत्या सोल्जर बाजारलाच राहते. गल्ली आठवत असेल तर पाठवा, विचारते.

कॅम्प_नं_पाच:
आईला विचारून सांगतो. माउंटबॅटनबद्दल मत तेच आहे.

पौडरोडचा_पिंट्या:
आणि आमच्या रस्त्याचं काय?