जुनं लिव्हर मशीन वापरायचं की मूळ स्थितीत जपायचं?

वाफाळ:
हाताने दांडा ओढून एस्प्रेसो काढायची जुनी इटालियन मशिनं जमवणाऱ्यांमध्ये दोन तट आहेत. एका गटाचं म्हणणं, मशीन मिळालं तसंच ठेवावं. मूळ क्रोम, मूळ बॅकेलाइट (जुन्या काळचं कडक प्लास्टिक), मूळ वायर, आणि जागा काचेच्या कपाटात. मला हे अजिबात पटत नाही. नुसतं ठेवून दिलं की आतल्या रबरी सील कोरड्या पडून कडक होतात, बॉयलरमध्ये राहिलेल्या पाण्याचे क्षार धरतात. रोज वापरलेलं आणि अधूनमधून उघडून साफ केलेलं मशीनच टिकतं.

शिवाय त्याची खरी गंमत हातालाच कळते. आकिले गाज्जियाने १९४७ मध्ये मिलानमध्ये लिव्हर-पिस्टनचं पेटंट घेतलं. त्याआधी सगळा भर वाफेवर, दाब जेमतेम दीड बार. पिस्टनमुळे तो ८-९ बारपर्यंत गेला आणि कपावर क्रेमा, म्हणजे सोनेरी फेस, दिसू लागला. १९६१ मध्ये आलेल्या ला पाव्होनीच्या युरोपिक्कोलात तर स्प्रिंगही नाही, दाब आपल्याच हाताचा. दांडा वर नेला की पाणी पिस्टनखाली उतरतं. क्षणभर थांबायचं, पूड भिजू द्यायची, पहिले थेंब दिसले की सावकाश खाली आणायचा. दळण जाड असेल तर दांडा भसकन खाली येतो, फार बारीक असेल तर अडून बसतो. दळण मधल्या मापाचं जमलं की दांडा सगळी वाट सारखाच जड लागतो. दळण जमलं की नाही, हे घोट घेण्याआधीच कळलेलं असतं. कपाटात ठेवून यातलं काय हाती लागणार?

मिलानकर:
पूर्ण असहमत. इथे मिलानमध्ये नाविल्यो ग्रांदे कालव्याच्या काठी महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. ‘चालू करून दिलेली’ मशिनं बघून वाईट वाटतं. नव्याने क्रोम चढवलेलं, घासून बिल्ल्याची अक्षरं गेलेली, दांड्याची मूठ दुसऱ्याच कुठल्या मशीनची. पन्नाशीच्या दशकातली घरगुती मशिनं, उदाहरणार्थ फाएमिना, आता होणार नाहीत. त्यांचा मूळ मुलामा एकदा गेला की गेला. एस्प्रेसोच प्यायची असेल तर नवं मशीन घ्या ना! आणि त्या काळच्या काही मशिनांत बॉयलरभोवती अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. वापराच्या हौसेपायी ते घरच्या घरी खरवडू नका.

वाफाळ:
अ‍ॅस्बेस्टॉसबद्दल शंभर टक्के मान्य. ते काम जाणकाराकडेच द्यावं. नव्याने क्रोम चढवायलाही माझा विरोधच आहे. पण सील, वॉशर, गास्केट बदलल्याने मशीन बदलत नाही. बनवणाऱ्यानेच ते झिजून बदलायचे भाग म्हणून घातलेत. हवं तर जुन्या सील पुडीत बांधून ठेवा.

पेठकरीण:
मला वादाचा मुद्दाच वेगळा वाटतो. आमच्याकडे सकाळी पाच जण कॉफी घेतात. युरोपिक्कोलाचा ग्रुप, म्हणजे कॉफी जिथून उतरते तो भाग, थेट बॉयलरला जोडलेला. तिसऱ्या कपापर्यंत तो इतका तापतो की कॉफी जळकी, कडवट लागते. चौथ्याच्या हाती तो कप द्यावासा वाटत नाही. १९६१ मध्येच फाएमा कंपनीचं E६१ हे मशीन पंपासह आलं आणि कॅफेवाल्यांनी दांडा सोडला, त्याला कारण होतं. पंप स्थिर ९ बार देतो, पहिला कप तसाच पाचवा. पाहुण्यांना चांगली कॉफी देणं मला दांड्याच्या कौतुकापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

कडक_काळी:
पेठकरीणताई, पाच जणांसाठी पंपच बरा, यात वाद नाही. पण स्थिर दाब म्हणजे चांगली चव हे मान्य नाही. स्प्रिंगवाल्या लिव्हरमध्ये दाब सुरुवातीला जास्त असतो आणि स्प्रिंग सैल होत जाते तसा उतरतो. शेवटी पुडीतला अर्क संपत आलेला असतो, तेव्हा कमी दाबाने कडवटपणा कमी उतरतो. चिकमगळूरच्या मध्यम भाजलेल्या अरेबिकावर हा फरक मला स्पष्ट लागतो. दोघांच्या घरात ग्रुपवर ओलं फडकं ठेवून तिसरा कपही नीट निघतो. तेही नको असेल तर फ्लेअर किंवा रोबोट ही आजची हाताने दाबायची मशिनं घ्या. त्यांना बॉयलरच नाही, किटलीतलं उकळतं पाणी ओतायचं.

मिलानकर:
रोबोटचा घाट तर फाएमिनाच्या काळातूनच आलाय. म्हणजे वापरायला नवं, जपायला जुनं, हे माझंच म्हणणं झालं. माझी फाएमिना मी चालवणार नाही.

वाफाळ:
तुमची वस्तू, तुमचा निर्णय. पण बॉयलर तरी पूर्ण रिकामा करून कोरडा ठेवा, नाहीतर मूळ मुलामा बाहेरून शाबूत आणि आत क्षारांचा थर, असं होईल.

जुनी युरोपिक्कोला वापरायला घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. गरम असताना बॉयलरची टोपी उघडायची नाही. आधी वाफेचा नळ सोडून दाब पूर्ण उतरवायचा. आणि सुटे भाग मागवण्याआधी ग्रुप कुठल्या पिढीचा ते बघा. २००० च्या सुमारास तो बदलला. आधीची बास्केट (पूड भरायची चाळणी) ४९ मिमीची, नंतरची ५१ची. एकीचे भाग दुसरीला बसत नाहीत.